कुंपणाला पहिलं पाणी

बाळांनो, एका जंगलात एक हत्तीण परत आली. तिचं नाव तुमाइनी. बारा वर्षं ती समुद्रापलीकडे, बर्फाच्या देशात, पांढऱ्या अस्वलांच्या शाळेत शिकत होती.

ती गेली तेव्हा जंगलात अस्वलांचंच राज्य होतं. जंगलाच्या मधोमध त्यांनी एक काटेरी कुंपण लावलं होतं. तुमाइनी गेल्यावर वर्षभरातच अस्वलं राज्य सोडून निघून गेली. ही बातमी तिला वर्गात कळली आणि ती बाकावर चढून नाचली. बाक मोडला.

परतीच्या बोटीत तिने जंगलाचं चित्र मनाशी रंगवून ठेवलं होतं. कुंपण केव्हाच वाळलं असेल. त्याच्या काटक्या वाऱ्याने उडून गेल्या असतील. जिथे कुंपण होतं तिथे पिल्लं पकडापकडी खेळत असतील. आणि मोठे हत्ती तळ्यात डुंबून डुंबून तुकतुकीत झाले असतील.

प्रत्यक्षात तिला दिसलं ते असं : कुंपण हिरवंगार होतं आणि हत्ती वाळले होते.

आता हे कुंपण आलं कुठून, ते सांगायला हवं.

फार पूर्वी जंगल एकच होतं. हत्तींचा कळप एक होता आणि तळंही एकच. मग एका बाजूने पांढरी अस्वलं आली, दुसऱ्या बाजूने वॉलरस आले. दोघांनाही जंगल आवडलं. दोघंही सभ्य. आपसांत भांडणं त्यांना शोभलं नसतं. म्हणून अस्वलांचं आणि वॉलरसांचं भांडण होऊ नये, यासाठी त्यांनी हत्तींच्या मधून कुंपण घातलं.

सकाळी लावायला घेतलं, दुपारी लावून झालं. तळं पलीकडे गेलं. जे हत्ती त्या सकाळी तळ्यावर अंघोळीला गेले होते, तेही पलीकडेच राहिले. अंघोळ उरकून घरी यायला निघाले तर काय, ते वॉलरसांचे हत्ती झालेले! तुमाइनीच्या आईची बहीण, न्येरी मावशी, त्यांतलीच एक. ती फक्त पाठ घासायला गेली होती.

कुंपण कसं होतं? उभ्या हत्तीच्या डोळ्यांपेक्षा हातभर उंच. अस्वलांनी नीट मोजून घेतलं होतं. त्याचं रोप बर्फाच्या देशातलं. जंगलाच्या उन्हात ते पाण्यावाचून आठ दिवससुद्धा जगत नसे. म्हणून त्याला रोज पाणी घालावं लागे. ते पाणी हत्ती वाहत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हत्ती लांबून एकमेकांशी बोलतात ते पोटातून घुमून. ते घुमणं जमिनीतून जातं आणि दुसऱ्या हत्तीच्या तळपायांना ऐकू येतं. अस्वलांना हे फार गावंढळ वाटे. "शिकलेल्याने पायांनी ऐकू नये," असं ती म्हणत. म्हणून शाळेत जाणाऱ्या प्रत्येक हत्तीला ती चार लोकरी बूट देत. बूट घातले की जमीन गप्प होई.

तुमाइनीचे बूट निळे होते. पहिला नंबर आल्याबद्दल मिळालेले. जंगलात ऊन मी म्हणत होतं, बुटांत तिचे पाय उकडत होते, तरी तिने ते काढले नव्हते.

बंदरावर उतरल्या उतरल्या तिला दोन हत्ती दिसले. दोघांच्याही पायांत बूट. एक अलीकडचा अधिकारी, एक पलीकडचा. मध्ये एक करकोचा उभा. अलीकडचा हत्ती अस्वलांच्या भाषेत बोले, करकोचा ते वॉलरसांच्या भाषेत सांगे. पलीकडचा वॉलरसांच्या भाषेत उत्तर देई, करकोचा ते अस्वलांच्या भाषेत उलटवून सांगे.

"विचार त्यांना, पाणी कधी पाठवणार?"

"ते म्हणतात, तुमचा अर्ज मिळाला की लगेच."

"विचार त्यांना, अर्ज आहे कुणाकडे?"

"ते म्हणतात, माझ्याकडे."

"मग दे की त्यांना!"

"ते मागत नाहीत, साहेब," करकोचा म्हणाला.

तुमाइनीला हसू आवरेना. दोघांचे कान सारखे. कपाळावरचा उंचवटा सारखा. बोलताना शेपटी डावीकडे उडवायची लकबसुद्धा सारखी.

"अहो काका, तुम्ही दोघंही हत्तीच ना? मग सरळ बोला की एकमेकांशी!"

करकोच्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, तुम्ही नवीन दिसता. सरळ बोलले तर गैरसमज होतील." करकोच्याला दोन्हीकडून मासे मिळत होते. गैरसमज होऊ नयेत, असं त्याला मनापासून वाटत होतं.

बंदरापासून घर तीन दिवसांच्या वाटेवर. जंगलातले सगळे रस्ते बंदराकडेच जात. अस्वलांना आणि वॉलरसांना जंगलातलं लाकूड बोटीपर्यंत पोचायला हवं होतं. हत्तींनी एकमेकांकडे पोचावं, अशी त्यांची काही गरज नव्हती. त्यामुळे पलीकडच्या तळ्याचं पाणी अलीकडे यायचं तर ते आधी तीन दिवस चालत बंदरावर जाई. तिथे त्यावर शिक्का बसे. मग तीन दिवस चालत परत येई. वीस पावलांवरचं पाणी सहा दिवसांनी पोचे. तोवर निम्मं उन्हाने पिऊन टाकलेलं असे.

घरी तुमाइनीची थोरली बहीण साउदा वाट पाहत होती. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिच्या पायाशी, कुंपणाच्या सावलीत, तिचं पिल्लू किटो आडवं पडलं होतं. गावात तेवढीच एक सावली हिरवी उरली होती.

"आलीस बाई! केवढी उंच झालीस गं!"

"ताई, किटोला काय झालंय?"

"काही नाही. तहान लागलीये." साउदाने हे अशा आवाजात सांगितलं, जसं 'झोपलाय' म्हणून सांगावं. "माझं दूध आटलं. काल सकाळपासून तो उठला नाही."

"नदीत झिरे खणून बघितले का?"

"सगळे खणून झाले. आता नुसती वाळू निघते."

गोरखचिंचेच्या भल्या थोरल्या झाडाखाली दगडी कुंडं होती. दोन. एक हत्तींचं, एक कुंपणाचं. हत्तींचं कोरडं ठणठणीत होतं, तळाशी एक पाल झोपली होती. कुंपणाचं काठोकाठ भरलेलं.

"ताई, हे तर भरलंय!"

"ते कुंपणाचं. उद्या स्वातंत्र्यदिन ना. उद्या त्याला दुप्पट लागतं."

"आणि आपलं?"

"आपलं येतंय. आठ दिवसांत."

तुमाइनीने किटोकडे पाहिलं. त्याच्याकडे आठ दिवस नव्हते. हे कळायला बर्फाच्या देशात शिकायची गरज नव्हती.

ती तडक परिषदेत गेली. गोरखचिंचेखाली परिषद भरली होती. सगळ्यांच्या पायांत बूट. अध्यक्ष म्वेंडा मध्ये बसले होते. फार मोठे हत्ती. अस्वलांच्या तुरुंगात नऊ वर्षं काढलेले. त्यांच्या कानाला अजून साखळीचं भोक होतं. त्यांच्या शेजारी उद्याचे प्रमुख पाहुणे पंख्याने वारा घेत बसले होते. पाहुणे म्हणजे पांढरं अस्वल. आणि ते दुसरंतिसरं कुणी नव्हतं, तुमाइनीचे गुरुजी होते! कुंपणशास्त्राचे.

"वा, वा!" गुरुजी म्हणाले. "माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी! अध्यक्ष, हिच्या निबंधाला सुवर्णपदक मिळालंय बरं का. 'कुंपणाचं आयुष्य आणि पाणी.'"

परिषदेने सोंडा वर करून दाद दिली. तुमाइनीने एक मोठा श्वास घेतला.

"अध्यक्षमहोदय, कुंपण काढू या."

झाडावरचं माकड खाजवायचं थांबलं.

अध्यक्ष रागावले नाहीत. ते दमल्यासारखे हसले. "पोरी, याच कुंपणासाठी आम्ही अस्वलांशी झगडलो. माफ करा हं, पाहुणे."

"चालू द्या, चालू द्या," पाहुणे म्हणाले.

"म्हणजे कुंपण काढण्यासाठीच ना, आजोबा?"

"छे! कुंपणाला पाणी घालायचा मान आपल्याला मिळावा म्हणून. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. तेव्हा पाणी वाहायचो आपण आणि घालायचे अस्वलसाहेब. केवढा अपमान! आता वाहतोही आपण आणि घालतोही आपण."

परिषदेत काहींचे डोळे भरून आले.

"पण पलीकडे आपलेच हत्ती आहेत."

"आपले?" एक सभासद दचकला. "अगं, ते वॉलरसांचे. चालताना उजवा पाय आधी टाकतात!"

"आणि आपण?"

"आपण डावा. जन्मापासून."

"जन्मापासून नाही, काका. शाळेपासून. मीच शिकलेय तो धडा."

सभासदाने आपल्या पायांकडे पाहिलं. मनातल्या मनात त्याने पाय मोजून पाहिले असावेत.

तुमाइनी आता पाहुण्यांकडे वळली. "गुरुजी, मी तुमच्या देशात बारा वर्षं राहिले. तुमच्या आणि वॉलरसांच्या मध्ये कुंपण कसं नाही?"

"होतं की. आमच्या आजोबांच्या वेळी होतं. काढलं."

"का?"

"रोज सकाळी एकत्र नाश्ता करतो आम्ही. मध्ये काटे कशाला?"

"मग आमचं?"

गुरुजींनी पंखा खाली ठेवला. त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "तुमचं वेगळं आहे, बाळ. तुमचं कुंपण ही तुमची अस्मिता आहे. आम्हाला तर आमचं कुंपण बघायचं झालं तर संग्रहालयात जावं लागतं. तुम्ही किती प्रेमाने जपलंय! मला तर घरी आल्यासारखं वाटलं."

टाळ्या पडल्या. टाळ्यांमध्ये तुमाइनीने किटोचं नाव घेतलं, ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा घेतलं.

"माझ्या बहिणीचं पिल्लू तहानेने पडलंय. कुंपणाच्या कुंडातली एक सोंड पाणी द्या. फक्त एक."

अध्यक्षांचा चेहरा पडला. ते दुष्ट नव्हते, बाळांनो. गोष्टीतले अध्यक्ष दुष्ट असते तर गोष्ट फार सोपी झाली असती.

"पोरी, ते पाणी राष्ट्राचं आहे. मी माझ्या नातवालाही दिलं नाही."

"मग त्याचं काय झालं?"

अध्यक्षांनी गोरखचिंचेच्या मुळाशी असलेल्या छोट्या ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. "उद्या कुंपणाला पहिली सोंड तू घालायचीस. एवढी शिकून आलीस. आणि उद्यापासून तू मुख्य कुंपणपाल. तुझ्यासारख्या तरुणांनीच आता पुढे यायला हवं."

मुख्य कुंपणपाल! तुमाइनीला राग आला होता, पण रागाच्या मागून एक विचारही आला. पद हातात असलं तर हळूहळू आतून सुधारणा करता येतील. आधी एक समिती नेमता येईल. कुंपणाला थोडं कमी पाणी लागेल, असं काही संशोधन करता येईल. शिकलेल्यांना असे विचार फार चटकन सुचतात.

तिने मान डोलावली. गुरुजींनी तिच्या पाठीवर थोपटलं.

दुपारी ती साउदाजवळ येऊन बसली. किटो डोळे मिटून पडला होता. एक माशी त्याच्या ओठावर बसली होती आणि तो तिला हाकलत नव्हता.

"मिळालं?" साउदाने विचारलं.

"पद मिळालं."

साउदा अगदी स्थिर उभी राहिली, जमिनीकडे डोळे लावून. मग तिच्या पोटातून काहीतरी हललं आणि थांबलं.

"काय करतेस, ताई?"

"काही नाही. मावशी विचारत होती."

"कोण मावशी?"

"आपल्या किती आहेत? न्येरी मावशी. रोज दुपारी पलीकडे येऊन उभी राहते आणि घुमते."

"तुला कसं कळतं?"

"मला पाय आहेत," साउदा म्हणाली.

तुमाइनीने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिने पुढच्या उजव्या पायातला बूट ओढला. निघेना. साउदाने सोंडेने धरून खेचला, तेव्हा निघाला. आतला तळपाय पांढुरका पडला होता, मळलेल्या कणकेसारखा मऊ. तिने तो जमिनीवर टेकवला. चटका बसला. पायाला आधी काहीच कळेना. मग एक मुंगी चालल्याचं कळलं. मग आणखी काही. खोलवरून, कापऱ्या आवाजात, तिच्या आईच्या आवाजासारखंच.

"किटो उठला का गं?"

अगदी जवळून येत होतं ते. वीस पावलांवरून.

"तू काय सांगतेस तिला?"

"सांगते, उठला. म्हातारी आहे ती. उगाच जिवाला घोर." साउदाने किटोच्या ओठावरची माशी उडवली. "तिच्या पायाशी तळं आहे. भरलेलं. कळलं तर रात्रंदिवस कुंपणाला डोकं आपटत बसेल."

"ताई, अगं हे कुणाला सांगितलं का नाहीस? पलीकडे मावशी आहे, ती ऐकू येते, ती आपल्याच बोलीत बोलते—"

"सांगितलं होतं. परिषदेला जाऊन सांगितलं."

"मग?"

"त्यांनी मला बूट देऊ केले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जंगल कुंपणापाशी जमलं. माकडांनी ढोल आणले होते. करकोचा कार्यक्रमपत्रिका घेऊन बंदरावरून मुद्दाम उडत आला होता. गुरुजी छत्रीखाली बसले होते. ज्यांना उभं राहता येत होतं ते हत्ती उभे होते. साउदाने किटोला ओढत आणून पहिल्या रांगेत ठेवलं होतं. पिल्लाने सोहळा पाहिला नाही असं पुढे कुणी म्हणायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

तुमाइनी आली. अनवाणी.

गर्दीत कुजबुज झाली. अध्यक्ष तिच्या कानाशी लागले. "बूट कुठायत?"

"धुवायला टाकलेत."

"कुठल्या पाण्यात?" अध्यक्षांनी घाबरून विचारलं.

कुंपणाच्या कुंडातून तिने सोंड भरून घेतली. ढोल वाजले. ती कुंपणासमोर जाऊन उभी राहिली. रोपं टवटवीत होती. पानापानावर दव असल्यासारखी चमक होती. गुरुजींनी रुमालाने डोळे टिपले.

आणि तेव्हा तिच्या चारही तळपायांना ऐकू आलं.

"किटो उठला का गं?"

नेहमी दुपारी विचारणारी मावशी आज सकाळीच आली होती. तुमाइनीने साउदाकडे पाहिलं. तिच्या मागे उभ्या असलेल्या अनवाणी हत्तिणींकडे पाहिलं. सगळ्यांना ऐकू आलं होतं. सगळ्यांनी नजरा जमिनीवर लावल्या होत्या. सगळ्या साउदाच्या उत्तराची वाट पाहत होत्या.

साउदाने आज उत्तर दिलं नाही.

तुमाइनीने कुंपणाकडे पाठ केली. ती किटोपाशी गेली, गुडघे टेकले, त्याचं तोंड सोंडेच्या टोकाने उघडलं आणि पाणी सोडलं. पहिलं पाणी ओघळून धुळीत गेलं. दुसरंही. मग त्याचा गळा हलला.

"पोरी!" अध्यक्ष ओरडले. "अगं, ते कुंपणाचं पाणी!"

"हो, आजोबा." ती कुंडाकडे गेली, सोंड भरली आणि पुन्हा किटोकडे आली. तिसऱ्या वेळी तिच्यामागून एक म्हातारी हत्तीण आपलं पिल्लू घेऊन कुंडाकडे निघाली. मग आणखी एक.

"मी इथे काय लिहू?" करकोच्याने पत्रिका उघडून विचारलं. त्याला कुणी सांगेना.

"तुमाइनी," गुरुजी छत्रीखालून उठले, "बाळ, तू विचार करून वागतेस ना? कुंपण वाळेल!"

"आठ दिवसांत, गुरुजी. जमीन भुसभुशीत असेल तर सात. माझ्या निबंधात आहे. तुम्हीच पदक दिलं होतं."

मग तिने चारही पाय घट्ट रोवले. बारा वर्षांत ती घुमली नव्हती. आवाज आधी फुटेना, नुसतं पोट थरथरलं. ठरवायचं ते ठरून गेलं होतं, आता फक्त कळवायचं राहिलं होतं.

"अजून नाही उठला, मावशी," ती घुमली. "पण पाणी प्यायलाय. उद्या आम्ही कुंपणाला पाणी घालणार नाही. परवाही नाही. आठ दिवसांनी तूच ये आणि बघ."

तात्पर्य : कुंपणाला रोज न चुकता पाणी घालावं. ते वाळलं, तर पलीकडे आपलीच मावशी निघण्याचा मोठा धोका असतो.